पोट नक्की कधीपासून दुखतंय? लहान मुलांचं ॲपेंडिक्स आणि रक्ताचे रिपोर्ट

मी लॅबमध्ये काम करते. रात्रीच्या ड्युटीला कॅज्युअल्टीतून सॅम्पल येतं, सीबीसीची (म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायच्या तपासणीची) जांभळ्या टोपीची छोटी ट्यूब आणि सोबत सीआरपीसाठी (सूज आली की रक्तात वाढणाऱ्या एका प्रोटीनसाठी) दुसरी एक, आणि फॉर्मवर लिहिलेलं असतं "वय ८, पोटात दुखणे, ॲपेंडिक्स?" बस एवढंच. बाहेर बाकावर आईबाबा बसलेले असतात आणि त्यांना वाटत असतं की आता तासाभरात कागदावर हो किंवा नाही छापून येईल. तसं येत नाही हो. कागदावर येतात आकडे, आणि त्या आकड्यांचा अर्थ लावायला मला एक माहिती लागते जी फॉर्मवर बहुतेक वेळा नसतेच: पोट दुखायला लागून किती तास झाले. हा सगळा लेख खरं तर त्या एका माहितीसाठीच लिहितेय.

एका रात्रीचं सांगते. साडेबाराला आठ वर्षांच्या मुलीचं सॅम्पल आलं. पांढऱ्या पेशी ९,८००, सीआरपी ४. दोन्ही नॉर्मल. सोनोग्राफीत लिहिलेलं, ॲपेंडिक्स दिसलं नाही. कागदावर बघितलं तर घरी पाठवायला काहीच हरकत नाही असं चित्र. मी कॅज्युअल्टीला फोन करून विचारलं की दुखणं कधी सुरू झालं, सिस्टरने आईला विचारून सांगितलं, आज रात्री साडेआठला, जेवायला बसली तेव्हा. म्हणजे जेमतेम चार तास. चार तासात सीआरपी वाढतच नाही. तो ४ आकडा "काही नाहीये" असं सांगत नव्हता, तो फक्त "अजून मला काही कळलेलं नाहीये" एवढंच सांगत होता. त्या मुलीकडे शेवटी परत येते, आधी हे सगळं आत कसं चालतं ते बघू.

ॲपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी करंगळीएवढी नळी, एका टोकाला बंद. बोलताना तिला सूज आली की त्या आजारालाही आपण ॲपेंडिक्सच म्हणतो. तिचं तोंड कधी सुकलेल्या शौचाच्या खड्याने बुजतं, कधी आतल्या गाठीसारख्या टिश्यूला सूज येऊन बुजतं, आणि हा टिश्यू मुलांमध्ये आणि वयात येणाऱ्या पोरांमध्ये भरपूर असतो. अर्थात प्रत्येक वेळी कारण सापडतंच असं नाही. तोंड बुजलं की आतला चिकट स्राव साठतो, दाब वाढतो, आतले जंतू वाढायला लागतात, नळीच्या भिंतीचा रक्तपुरवठा दबतो, आणि तसंच राहिलं तर भिंत सडून फुटते आणि पू पोटात पसरतो. हे सगळं साधारण एक-दोन दिवसात होतं, पहिल्या २४ ते ३६ तासांनंतर फुटण्याचा धोका बराच वाढतो.

दुखणं आधी बेंबीजवळ आणि मग उजवीकडे खाली का सरकतं हेही समजून घ्या कारण त्यातच घड्याळ लपलंय. सुरुवातीला फक्त नळी ताणली जाते, आतड्यांच्या नसा फार ढोबळ असतात, त्यांना जागा नीट सांगता येत नाही म्हणून मेंदूला ते दुखणं पोटाच्या मध्यावर वाटतं. नंतर सूज नळीच्या बाहेर येऊन पोटाच्या आतल्या अस्तराला लागली की त्या अस्तराच्या नसा मात्र बोट ठेवून जागा सांगतात. म्हणून मूल "आता इथे दुखतंय" असं उजवीकडे खाली दाखवतं. उड्या मारायला सांगितलं तर नको म्हणतं, गाडी खड्ड्यातून गेली की कळवळतं, चालताना थोडं वाकून चालतं.

आता अडचण अशी की हे पुस्तकातलं चित्र मुलांमध्ये बऱ्याचदा अर्धवटच दिसतं. तीन वर्षांच्या बाळाला विचारा कुठे दुखतंय, ते बेंबीवर हात ठेवणार, मग घसा दुखत असो, छातीत न्यूमोनिया असो की ॲपेंडिक्स असो. उलट्या-जुलाब झाले की पोट बिघडलं वाटतं. सर्दी-तापानंतर पोटातल्या गाठी सुजतात आणि त्याही नेमक्या उजवीकडेच दुखतात. बद्धकोष्ठ आहेच. लघवीचं इन्फेक्शन आहे. मोठ्या मुलींमध्ये ओव्हरीला पीळ बसलेला असू शकतो, मुलांमध्ये अंडकोषाला पीळ बसलेला असतो आणि लाजेने ते पोट दुखतंय एवढंच सांगतात, म्हणून डॉक्टर चड्डी काढायला सांगतात तेव्हा पालकांनी अवघडून जाऊ नये. या गोंधळामुळे पाच वर्षांखालच्या मुलांत निदान होईपर्यंत ॲपेंडिक्स फुटलेलं असण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त जातं. रक्ताच्या तपासणीकडून एवढी अपेक्षा का असते ते यावरून कळेल. मूल सांगू शकत नाही, निदान रक्त तरी सांगेल.

(जाता जाता, ॲपेंडिक्स काढल्याची पहिली नोंद आहे तीसुद्धा एका लहान मुलाचीच. १७३५ साली लंडनमध्ये क्लॉडियस एमियँड नावाच्या सर्जनने ११ वर्षांच्या मुलाच्या हर्नियाचं ऑपरेशन करताना आत अडकलेलं ॲपेंडिक्स काढलं, त्यात टाचणी घुसलेली होती. तेव्हा भूलही नव्हती. या आजारासाठी "ॲपेंडिसायटिस" हा शब्द तर त्यानंतर दीडशे वर्षांनी, १८८६ मध्ये रेजिनाल्ड फिट्झ यांनी वापरात आणला.)

तर रक्त काय काय सांगू शकतं ते एकेक घेऊ.

सगळ्यात आधी पांढऱ्या पेशी, ज्याला आपण सरळ "काउंट वाढलेत का" असं विचारतो. यातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी जंतूंवर सगळ्यात आधी धावून जातात. शरीरात कुठे सूज आली की रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसलेल्या न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात, मग हाडांच्या मगजातला साठा बाहेर पडतो. म्हणून काउंट लवकर वाढतो, काही तासातच. ही याची जमेची बाजू. पण तो कशानेही वाढतो ही दुसरी बाजू. जोरात रडलं, खूप उलट्या झाल्या, दम्यासाठी स्टिरॉइड चालू असलं, घसा आला, सगळ्याने वाढतो. उलट केमोथेरपी चालू असलेल्या मुलाचा काउंट ॲपेंडिक्स फुटलं तरी वाढणार नाही कारण वाढायला पेशीच नाहीत. म्हणजे १४,००० काउंट बघून "ॲपेंडिक्सच आहे" म्हणता येत नाही आणि ९,००० बघून "नाहीच" असंही म्हणता येत नाही.

आणि एक गोष्ट जी मला रोज खटकते. रिपोर्टवर शेजारी नॉर्मल रेंज छापलेली असते, ४,००० ते ११,०००, ती मोठ्या माणसांची असते. एक वर्षाच्या बाळाचा काउंट १५,००० सुद्धा नॉर्मल असू शकतो. शिवाय जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांपासून साधारण चार-पाच वर्षांपर्यंत मुलांच्या रक्तात लिम्फोसाइट जास्त आणि न्यूट्रोफिल कमी असतात, त्यानंतर ते उलटं होतं. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाच्या रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिल ६५ टक्के दिसले तर मोठ्या माणसाच्या रेंजमध्ये ते अगदी छान बसतात, ठळक अक्षरात काही येत नाही, पण त्या वयाला ते जास्त आहेत! रिपोर्ट हातात आला की नुसती ठळक अक्षरं शोधू नका, रेंज मुलाच्या वयाची आहे का ते आधी विचारा.

टक्केवारीपेक्षा एकूण न्यूट्रोफिल किती हे जास्त कामाचं. हिशोब सोपा आहे. काउंट १४,००० आणि न्यूट्रोफिल ८२ टक्के, तर १४,००० चे ८२ टक्के म्हणजे ११,४८०. हा आकडा ७,५०० च्या वर गेला की आम्ही सावध होतो. काही डॉक्टर न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटने भागतात, ८२ भागिले १२ म्हणजे जवळपास ७, आणि हे गुणोत्तर जितकं वर तितकी सूज जास्त असा अंदाज बांधतात. वेगळी ट्यूब लागत नाही, वेगळे पैसे नाहीत, त्याच सीबीसीतून निघतं, म्हणून ते लोकप्रिय झालंय, पण त्याची एकच अशी पक्की सीमारेषा नाही आणि वर सांगितलेल्या कारणामुळे अगदी लहान मुलांत ते जपूनच वापरावं लागतं.

मशीन आकडे देतं पण स्लाइड मी स्वतः बघते, आणि हे काम मला मनापासून आवडतं. रक्ताचा थेंब काचेवर पसरवून, रंग देऊन मायक्रोस्कोपखाली धरला की पूर्ण तयार झालेली न्यूट्रोफिल ओळखू येते, तिचं केंद्रक तीन-चार तुकड्यात विभागलेलं असतं, मण्यांची माळ असावी तसं. पण गरज इतकी असेल की मगजाने कच्च्या पेशीच बाहेर सोडल्या, तर केंद्रक अजून तुकड्यात विभागलेलं नसतं, घोड्याच्या नालासारखी वाकलेली एकसंध पट्टी दिसते. त्यांना बँड पेशी म्हणतात. कधी पेशीत गडद जांभळे खडबडीत दाणे भरलेले दिसतात, ते जोरदार इन्फेक्शनचं लक्षण. एकूण काउंट ठीकठाक आणि स्लाइडवर बँड पेशी भरपूर, असं दिसलं की मी रिपोर्टवर शेरा लिहितेच आणि वर फोनही करते, कारण शेरा वाचला जाईलच याची खात्री नसते.

दुसरा मोठा खेळाडू सीआरपी, पूर्ण नाव सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात असा काहीतरी पदार्थ सापडला जो न्यूमोकोकस जंतूच्या "सी" नावाच्या घटकाला चिकटत होता, त्यावरून हे नाव पडलं. हे प्रोटीन लिव्हर बनवतं. सुजलेल्या जागेवरून इंटरल्यूकिन-६ नावाचा निरोप्या रक्तातून लिव्हरपर्यंत जातो, मग लिव्हर कारखाना चालू करतं, मग माल रक्तात येतो. या सगळ्याला वेळ लागतो. साधारण ६ ते १२ तासांनी सीआरपी वर जायला लागतो आणि ४८ तासांच्या आसपास शिखरावर पोचतो. म्हणून दुखणं सुरू झाल्यावर चार तासांचा सीआरपी आणि तीस तासांचा सीआरपी या दोन पूर्णपणे वेगळ्या तपासण्या आहेत असंच समजा, नाव एकच असलं तरी. दोन दिवस पोट दुखतंय आणि सीआरपी अजून ३ आहे, तर ॲपेंडिक्सची शक्यता खरंच बरीच खाली येते. चार तासांचा ३ मात्र काहीच सांगत नाही. उलट पहिल्या दिवसाच्या आत सीआरपी १०० च्या पुढे गेलेला असेल तर फुटलंय का, पू झालाय का, किंवा मुळात दुसराच कुठला मोठा आजार आहे का, ही शंका घ्यावी लागते.

युनिटची एक गफलत होते ती सांगून ठेवते. काही लॅब सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. दोन्हीत दहापट फरक. एका ठिकाणचा ४.० हा दुसरीकडचा ४० असतो. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून वाढला की कमी झाला असं बघणार असाल तर आधी आकड्यापुढची बारीक अक्षरं वाचा, आणि शक्य असेल तर दुसऱ्यांदा त्याच लॅबमध्ये करा.

मग प्रोकॅल्सिटोनिन. हे बॅक्टेरियाच्या मोठ्या, रक्तात पसरणाऱ्या इन्फेक्शनला चांगलं ओळखतं आणि चार-सहा तासात वाढायला लागतं, म्हणून लोकांना वाटलं हेच उत्तर असणार. पण साधं, न फुटलेलं ॲपेंडिक्स ही एका छोट्या नळीतली, बंदिस्त सूज आहे, तिच्यामुळे प्रोकॅल्सिटोनिन बऱ्याचदा हलतच नाही. फुटल्यावर, पू पसरल्यावर मात्र वर जातं. म्हणजे "ॲपेंडिक्स आहे का" या प्रश्नाला ते कच्चं आहे, "किती बिघडलंय" या प्रश्नाला बरं आहे. महागही पडतं. माझं मत विचाराल तर पोटदुखीच्या प्रत्येक मुलाला हे करायची गरज नाही.

"किती बिघडलंय" याबद्दल दोन साध्या तपासण्या गुपचूप बरंच सांगून जातात आणि त्या बऱ्याच वेळा आधीच झालेल्या असतात. एक बिलिरुबिन, जे आपण काविळीसाठी बघतो. आतड्याचं रक्त सरळ लिव्हरकडे जातं, ॲपेंडिक्स सडायला लागलं की जंतूंची विषारी द्रव्यं त्या वाटेने लिव्हरपर्यंत पोचतात आणि पित्ताचा प्रवाह मंदावतो, त्यामुळे बिलिरुबिन थोडंसं वाढलेलं दिसतं. डोळे पिवळे होण्याइतकं नाही, कागदावर दिसण्याइतकं. दुसरं सोडियम. तीव्र सुजेत शरीर पाणी धरून ठेवणारं हार्मोन जास्त सोडतं, रक्त पातळ होतं आणि सोडियम १३५ च्या खाली घसरतं. मुलांमध्ये कमी सोडियम आणि फुटलेलं ॲपेंडिक्स यांचं नातं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. एकट्या सोडियमवरून कुणी ऑपरेशन ठरवत नाही, पण काउंट वाढलेला, सीआरपी मोठा आणि सोडियम १३१ असं त्रिकूट दिसलं की सर्जन झोपेतून उठून येतात.

याशिवाय संशोधनात बरंच काही चालू आहे. तोच निरोप्या इंटरल्यूकिन-६, जो सीआरपीच्याही आधी वाढतो. न्यूट्रोफिलमधून बाहेर पडणारं कॅलप्रोटेक्टिन. लघवीत सापडणारं एलआरजी नावाचं प्रोटीन, ज्यासाठी सुईच टोचावी लागणार नाही म्हणून मुलांच्या डॉक्टरांना त्याचं फार आकर्षण. कल्पना सगळ्या चांगल्या आहेत, पण रोजच्या वापरात, रात्री दोन वाजता कुठल्याही हॉस्पिटलमध्ये करता येईल आणि एकटी पुरेल अशी तपासणी यातली अजून एकही झालेली नाही.

का होत नाहीये? इथे थोडं गणित, घाबरू नका, बेरीज-वजाबाकीच आहे. समजा एक तपासणी आहे जी ॲपेंडिक्स असलेल्या १० पैकी ८ मुलांना पकडते, आणि ॲपेंडिक्स नसलेल्या दर तीनपैकी एका मुलाला उगाच पकडते. (आकडे मी समजण्यासाठी घेतलेत.) आता पोट दुखतंय म्हणून आलेली सरसकट १०० मुलं घ्या, त्यात खरं ॲपेंडिक्स १० जणांना. तपासणी त्यातले ८ पकडणार आणि उरलेल्या ९० मधले ३० उगाच पकडणार. म्हणजे ३८ मुलांचा रिपोर्ट "वाढलेला" आला, त्यात खरे आजारी फक्त ८. आता दुसरी १०० मुलं घ्या, पण ही डॉक्टरांनी पोटाला हात लावून, सगळं विचारून वेगळी काढलेली, ज्यांच्यात ५० जणांना खरंच ॲपेंडिक्स आहे. तीच तपासणी इथे ४० खरे पकडते आणि १७ उगाच, म्हणजे ५७ मध्ये ४० खरे. तपासणी तीच, ट्यूब तीच, मशीन तेच, पण रिपोर्टचा अर्थ पार बदलला! आणि नॉर्मल रिपोर्टचं बघा. पहिल्या गटात नॉर्मल आलेल्या ६२ मुलांत २ जण आजारी सुटले. दुसऱ्या गटात नॉर्मल आलेल्या ४३ मध्ये तब्बल १० सुटले. म्हणजे ज्या मुलाचं पोट हात लावल्यावर कडक लागतंय, ज्याला उडी मारता येत नाहीये, त्याचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून त्याला घरी पाठवणं हे किती धोक्याचं आहे ते इथे दिसतं.

म्हणूनच डॉक्टर रक्ताचे आकडे एकटे वापरत नाहीत, ते गुणांच्या तक्त्यात टाकतात. मुलांसाठी २००२ मध्ये मदन सॅम्युएल यांनी बनवलेला एक १० गुणांचा तक्ता आहे, पीडियाट्रिक ॲपेंडिसायटिस स्कोअर. दुखणं बेंबीकडून उजवीकडे सरकलं १ गुण, भूक गेली १, मळमळ किंवा उलटी १, ताप १, उजवीकडे खाली दाबल्यावर दुखतं २, खोकताना किंवा उडी मारताना तिथे दुखतं २, काउंट १०,००० च्या वर १, न्यूट्रोफिल ७,५०० च्या वर १. नीट बघा, दहात रक्ताचे गुण फक्त दोन. बाकीचे आठ पालकांच्या सांगण्यातून आणि डॉक्टरांच्या हातातून येतात. मी लॅबवाली असून सांगते, हे वाटप मला योग्यच वाटतं. साधारण ३ पर्यंत असेल तर शक्यता कमी, ७ किंवा त्याहून जास्त असेल तर सर्जनना बोलवायचं, आणि मधल्या मुलांसाठी सोनोग्राफी, देखरेख, पुन्हा तपासणी. २०१८ मध्ये आलेल्या एका नवीन कॅल्क्युलेटरमध्ये मुलाचं वय, मुलगा की मुलगी आणि दुखणं किती वेळ झालं हेही घेतात, म्हणजे घड्याळ शेवटी हिशोबात आलं याचा मला फार आनंद झाला.

सोनोग्राफीबद्दल थोडक्यात. मुलांमध्ये पहिली पसंती तिलाच, कारण सीटी स्कॅनमध्ये रेडिएशन असतं आणि वाढत्या वयात ते जितकं टाळता येईल तितकं बरं. ६ मिलिमीटरपेक्षा जाड आणि दाबल्यावर न दबणारी नळी दिसली तर ॲपेंडिक्स सुजलंय. पण ते आतड्यामागे, गॅसमागे लपलेलं असलं तर दिसतच नाही, आणि "दिसलं नाही" म्हणजे "ठीक आहे" असा अर्थ होत नाही. अशा वेळी रक्ताचे आकडे खरंच कामाला येतात: लक्षणं सुरू होऊन एक दिवस उलटलाय, सोनोग्राफीत ॲपेंडिक्स दिसलं नाही पण आजूबाजूला सूजही नाही, काउंट आणि सीआरपी दोन्ही नॉर्मल आणि मूल खेळायला लागलंय, तर सीटी न करता लक्ष ठेवायला डॉक्टरांना आधार मिळतो. माझ्या मते रक्ततपासणीचा मुलांमधला सगळ्यात मोठा उपयोग हाच, आजार पकडण्यापेक्षा नको ते स्कॅन आणि नको ते ऑपरेशन टाळायला मदत करणं.

लघवीच्या रिपोर्टचा एक चकवा आहे. ॲपेंडिक्स कधी मूत्रवाहिनीला किंवा मूत्राशयाला टेकलेलं असतं, त्याच्या सुजेमुळे लघवीत पांढऱ्या पेशी दिसतात, आणि मग "लघवीचं इन्फेक्शन आहे" म्हणून अँटिबायोटिक देऊन मुलाला घरी पाठवलं जातं. लघवीत थोड्या पस सेल आहेत म्हणून पोटाचा प्रश्न मिटला असं नसतं.

आता उपचारही बदलतायत आणि त्यामुळे या आकड्यांना नवीन काम मिळालंय. न फुटलेलं साधं ॲपेंडिक्स असेल तर काही मुलांना ऑपरेशन न करता अँटिबायोटिकवर ठेवतात. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात असं केलेल्या मुलांपैकी साधारण ६७ टक्के मुलांना वर्षभरात ऑपरेशन लागलं नाही, म्हणजे तीनपैकी एकाला लागलं. पण त्यात कुणाला घ्यायचं याच्या अटी कडक होत्या: दुखणं ४८ तासांच्या आतलं, काउंट ५,००० ते १८,००० च्या मधला, नळी ११ मिलिमीटरपेक्षा जाड नाही, आत खडा नाही, पू नाही. इथे रक्ताला "आहे का" असं विचारत नाहीत, "साधं आहे की बिघडलेलं" असं विचारतात, आणि या प्रश्नाला रक्त जरा बरं उत्तर देतं.

पालकांना माझं कळकळीचं सांगणं एवढंच की मुलाने पोट दुखतंय म्हटल्यावर घड्याळात बघा आणि लिहून ठेवा. कधी सुरू झालं, पहिली उलटी दुखण्याच्या आधी झाली की नंतर (ॲपेंडिक्समध्ये बहुधा दुखणं आधी, उलटी नंतर), दुखायची जागा कधी सरकली, शेवटचं कधी आणि काय खाल्लं, कुठलं औषध किती वाजता दिलं. आधीच कशासाठी तरी अँटिबायोटिक चालू असेल तर तेही सांगा, त्याने चित्र झाकलं जाऊ शकतं. डॉक्टरांनी दुखणं कमी करायचं औषध दिलं तर घाबरू नका, पूर्वी म्हणायचे त्याने निदान चुकतं, तसं होत नाही हे आता नीट माहीत झालंय, उलट मूल शांत झालं की पोट जास्त चांगलं तपासता येतं. आणि खूप दुखत असलेलं पोट अचानक थांबलं, मूल मात्र मलूल आणि तापलेलं, तर सुटलो असं समजू नका, नळी फुटल्यावर आतला दाब गेल्यामुळे थोडा वेळ असं वाटू शकतं. रिपोर्ट नॉर्मल आहेत म्हणून घरी पाठवलं तर "परत कधी आणू, काय दिसलं तर लगेच आणू" हे विचारल्याशिवाय निघू नका. आणि आठ-बारा तासांनी पुन्हा रक्त काढायचं म्हणाले तर "आत्ताच तर काढलं होतं, परत कशाला टोचता" असं म्हणू नका प्लीज. मुलाचा हात धरवत नाही, कळतं मला, पण पहिला आकडा आणि दुसरा आकडा यांच्यामधला फरक एकट्या आकड्यापेक्षा जास्त बोलतो.

त्या आठ वर्षांच्या मुलीला रात्री घरी पाठवलं नाही. तेव्हा तक्त्यात तिचे गुण दोनच होते, भूक नाही आणि उलटी. पण चारच तास झालेत हे समजल्यावर डॉक्टरांनी तिला सलाईन लावून ठेवून घेतलं. सकाळी साडेदहाला दुसरं सॅम्पल आलं, चौदा तासांचं. काउंट १५,६००, न्यूट्रोफिल ८४ टक्के, म्हणजे १३,१०४. सीआरपी ३१. स्लाइडवर बँड पेशी, मोजायलाच नकोत इतक्या सहज सापडत होत्या. तोपर्यंत दुखणं उजवीकडे सरकलं होतं, दाबल्यावर दुखत होतं, आणि सिस्टरने उडी मारून दाखव म्हटल्यावर तिने मान हलवून नाही म्हटलं होतं. ताप नव्हता. दहापैकी नऊ. परत केलेल्या सोनोग्राफीत ९ मिलिमीटरची नळी दिसली, दुपारी ऑपरेशन झालं, ॲपेंडिक्स सुजलेलं होतं, फुटलेलं नव्हतं.

त्या दुसऱ्या सॅम्पलचा फॉर्म मी अजून विसरले नाहीये. नाव, वय, पोटात दुखणे, ॲपेंडिक्स? सगळं नेहमीसारखं, आणि खाली कोपऱ्यात सिस्टरने पेनाने लिहिलेली एक जास्तीची ओळ, "दुखणं सुरू, काल रात्री ८.३०".